चर बुजण्याआधी

सोसायटीच्या आवारातली पाण्याची जुनी लाइन गळायला लागते. प्लंबर जमीन उकरतो, सडलेला भाग कापून टाकतो, नवाकोरा पाइप जोडतो आणि चर बुजवतो. चार-पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा ओल दिसते. उकरून पाहावं तर फुटलाय तो नवा पाइप; दोन्ही बाजूंचा तीस वर्षांचा म्हातारा पाइप अजून शाबूत. कमिटीच्या बैठकीत निदान झटक्यात होतं: हल्लीचा मालच हलका.

माल हलका असेलही. पण चांगल्यातला चांगला पाइप आणला असता तरी बहुधा हेच झालं असतं. असं का होतं, हे एकदा कळलं की नव्या बांधकामात जमिनीखाली जाणारं लोखंड कसं सांभाळायचं याचा निम्मा अभ्यास झाला. आणि त्या लोखंडाची यादी वाटते त्याहून लांब असते: हायड्रंटची फायर लाइन, पाण्याचे जीआय पाइप, जनरेटरच्या डिझेलची टाकी, गॅसचा पोलादी पाइप, अर्थिंगच्या पट्ट्या. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या कंत्राटदाराच्या ताब्यात असते. गंजाचा विचार कोणाच्याच कामात मोडत नाही.

१. जमिनीखालचा सेल

विजेरीतला जुन्या पद्धतीचा सेल आठवा. बाहेर जस्ताचा डबा, मध्ये कार्बनची कांडी आणि दोघांमध्ये ओला लगदा. सेल वीज देतो तेव्हा जस्त हळूहळू विरघळत असतं. विजेरीत विसरलेला सेल फुटून चिकट पाणी बाहेर येतं, ते डब्याचं जस्त खाल्लं गेल्यामुळेच.

जमिनीतलं लोखंड याच क्रियेने गंजतं. त्यासाठी चार गोष्टी जमाव्या लागतात. विरघळायला जास्त उतावीळ असलेली धातूची एक जागा, तितकी उतावीळ नसलेली दुसरी जागा, दोघींना जोडणारा धातूचा रस्ता आणि दोघींना स्पर्श करणारी ओली माती. पहिल्या जागेला ॲनोड म्हणतात, दुसरीला कॅथोड. ॲनोडपाशी वीजप्रवाह धातूतून मातीत उतरतो आणि जाताना लोखंड सोबत नेतो. कॅथोडपाशी तो मातीतून पुन्हा धातूत शिरतो, आणि तिथलं लोखंड सुखरूप राहतं. प्रवाह जिथून मातीत उतरतो तिथे धातू झिजतो, हा एकच नियम पुढच्या सगळ्या पानांना पुरतो.

हा उतावीळपणा मोजता येतो आणि त्याचं साधन घरगुती म्हणावं इतकं साधं आहे. एक नळी, तिच्या तळाला सच्छिद्र बूच, आत मोरचुदाचं संपृक्त द्रावण आणि त्यात बुडवलेली तांब्याची कांडी. बूच ओल्या जमिनीवर टेकवायचं, मल्टिमीटरची एक वायर कांडीला लावायची, दुसरी पाइपला. आकडा ऋण येतो. तो जितका जास्त ऋण, तितका धातू विरघळायला उतावीळ. मॅग्नेशियम उणे १.५ व्होल्टच्याही पलीकडे जातं, जस्त साधारण उणे १.१. नवं, स्वच्छ पोलाद उणे ०.५ ते उणे ०.८ दाखवतं. गंज चढलेलं जुनं पोलाद उणे ०.२ ते उणे ०.५. तांबं उणे ०.२ च्या आसपास.

आता कमिटीच्या कोड्याकडे वळू. जुना पाइप समजा उणे ०.३ वर आहे आणि नवा उणे ०.६ वर. दोघे आट्यांनी एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत आणि भोवती ओली माती आहे. सेल तयार झाला, त्यात नवा पाइप ॲनोड ठरला. तो स्वतः झिजून जुन्याला वाचवतो आहे. नवा पाइप जस्ताचा मुलामा दिलेला जीआय असेल तर फरक आणखी मोठा: आधी मुलामा जातो, मग खालचं लोखंड. मधला तुकडा बदलायचाच असेल तर तो दोन्ही टोकांना विजेच्या दृष्टीने तोडून घालावा, किंवा सरळ प्लॅस्टिकचा घालावा.

२. एक मिलीअँपिअरचा हिशोब

मायकेल फॅरडेने १८३० च्या दशकात दाखवून दिलं, की विरघळणारा धातू आणि वाहणारा प्रवाह यांचं प्रमाण पक्कं असतं. लोखंडाच्या बाबतीत एक अँपिअर प्रवाह वर्षभर मातीत उतरत राहिला तर ९.१ किलो लोखंड जातं. एक मिलीअँपिअर म्हणजे त्याचा हजारावा भाग, वर्षाला ९.१ ग्रॅम.

नऊ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. ते कुठून जातात यावर सगळं अवलंबून आहे. हा एक मिलीअँपिअर पाइपच्या एक चौरस मीटर पृष्ठभागावरून सारखा उतरत असेल, तर वर्षाला झीज होते साधारण १.२ मायक्रॉन. पाच मिलिमीटर जाडीची भिंत संपायला चार हजारांहून जास्त वर्षं लागतील. आता समजा पाइपवर उत्तम वेष्टन आहे आणि फक्त नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर ते फाटलं आहे. तोच एक मिलीअँपिअर आता त्या एकाच भोकातून उतरतो. त्या जागेवरच्या पाच मिलिमीटर जाड लोखंडाचं वजन जेमतेम चार ग्रॅम. पाच-सव्वापाच महिन्यांत पाइप आरपार.

साइटवरच्या लोकांना हे सहज पटत नाही. बऱ्यापैकी गुंडाळलेला पाइप उघड्या पाइपपेक्षा लवकर फुटू शकतो, हे वाक्य ऐकून पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. म्हणून हिशोब एवढा सविस्तर मांडला. जमिनीखालच्या पाइपाबद्दल किती लोखंड गेलं हा प्रश्न तसा दुय्यम. भोक कुठे पडेल, हे आधी विचारावं.

३. मातीची चौकशी

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे आणि गंजत नाही, हे आपण शाळेत शिकतो. १९६१ मध्ये तो पुरातत्त्व खात्याने उपसून काढला, तेव्हा जमिनीखालच्या भागावर मात्र गंजाचे थर सापडले, ही गोष्ट पुस्तकात सहसा नसते. स्तंभ परत बसवताना त्या भागाला शिशाचा पत्रा लावला गेला. स्तंभातल्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे. पृष्ठभाग आलटून पालटून भिजतो आणि सुकतो, तसा त्या फॉस्फरसमुळे वर एक रक्षक पापुद्रा धरतो. जमिनीत सुकायला मिळतच नाही. एकच लोखंड, दोन नशिबं.

म्हणजे आधी मातीला विचारायला हवं. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सने हे काम अफाट चिकाटीने केलं. १९२२ पासून देशभरातल्या १२८ ठिकाणी ३६ हजारांहून जास्त धातूचे नमुने पुरले, वर्षानुवर्षांनी उकरले, तोलले, खड्डे मोजले. मेल्विन रोमानॉफ यांनी १९५७ मध्ये त्या सगळ्याचा ग्रंथ केला. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अशी, की धातूच्या प्रकारात थोडाफार बदल केल्याने जेवढा फरक पडतो त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक एका मातीतून दुसऱ्या मातीत गेल्याने पडतो.

मातीची सगळ्यात उपयोगी एकच चाचणी निवडायची तर तिच्या विशिष्ट रोधाची. माती विजेला किती अडवते ते यातून कळतं. जितकी कमी अडवेल तितका गंजाचा प्रवाह मोकळा. फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये मांडलेली पद्धत आजही तीच आहे. चार सळया एका ओळीत, सारख्या अंतरावर जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोघींमध्ये व्होल्टेज मोजायचं. मीटर रोध सांगतो. त्याला ६.२८ ने आणि सळयांमधल्या अंतराने गुणायचं. अंतर २ मीटर आणि वाचन १.६ ओहम असेल तर ६.२८ गुणिले २ गुणिले १.६, म्हणजे सुमारे २० ओहम-मीटर. हे उत्तर ढोबळमानाने दोन मीटर खोलीपर्यंतच्या मातीचं असतं.

दहाच्या खाली आकडा आला तर माती जहाल समजावी. दहा ते तीस वाईट, तीस ते पन्नास सांभाळून राहण्याजोगी, शंभराच्या वर बरीचशी निवांत. ओली काळी माती आणि किनाऱ्याजवळची खाजणं तळाच्या खणात बसतात. कोरडा मुरूम वरच्या खणात.

इथे आपल्या हवामानाचा एक सापळा आहे. मातीची तपासणी बहुतेक वेळा काम सुरू करण्याआधी उन्हाळ्यात होते. मे महिन्यातली भेगाळलेली काळी माती विजेला भरपूर अडवते आणि अहवालात आकडा देखणा येतो. तीच जमीन जुलैत वेगळी असते. शक्य असेल तर दोन्ही ऋतूंत मोजावं. नसेल तर पाइपच्या खोलीवरची माती काढून, पाण्याने भिजवून, प्रयोगशाळेत तिचा आकडा काढावा. आराखडा ओल्या आकड्यावरच करायचा. पायाच्या तपासणीसाठी बोअर घेतलेच जातात, त्याच नमुन्यांवर विशिष्ट रोध, आम्लता, क्लोराइड आणि सल्फेट तपासून मागावेत. पायाच्या खर्चात हा खर्च दिसतसुद्धा नाही.

माती सगळीकडे सारखी वाईट असेल तर एक वेळ चालेल. ती जागोजाग बदलते हा मोठा त्रास. पाइप मुरमातून काळ्या मातीत शिरतो तेव्हा मुरमातल्या भागाला प्राणवायू भरपूर मिळतो, चिकणमातीतल्या भागाला मिळत नाही. अशा जोडीत कमी प्राणवायूची जागा ॲनोड होते. सडतो तो चिकणमातीतला भाग, आणि तोही बहुधा सीमेलगत. त्यामुळेच एकाच पाइपचा तळ माथ्यापेक्षा जास्त झिजतो: तळाखालची जमीन घट्ट, वरची भरणी मोकळी. वाळूच्या भरणीत काळ्या मातीचं एखादं ढेकूळ पाइपला चिकटून राहिलं तरी त्याखाली खड्डा पडू शकतो.

रोमानॉफ यांनी १९६२ मध्ये जमिनीत ठोकलेल्या पोलादी पाइल्स तपासल्या. न खणलेल्या, घट्ट बसलेल्या मातीत त्यांची झीज नगण्य निघाली, कारण तिथे प्राणवायू पोचत नाही. गंजाला मोकळं रान मिळतं ते आपणच खणून, हवा मिसळून पुन्हा भरलेल्या जागेत. त्या भरणीत राडारोडा, प्लास्टरचे तुकडे आणि बॉयलरची राख पडली तर विचारायलाच नको. कोळशाच्या राखेतला कार्बन लोखंडापुढे कॅथोड होऊन बसतो आणि तिच्यातलं गंधक आम्ल तयार करतं. पाइपभोवती राख टाकणारा कंत्राटदार पैसे वाचवत नाही, गिऱ्हाइकाचा पाइप खपवतो.

प्राणवायू नसलेल्या दलदलीत सगळं आलबेल असतं असंही नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात आणि ते लोखंड वेगळ्या वाटेने खातात. उकरल्यावर काळी माती आणि सडक्या अंड्याचा वास आला की ते तिथे आहेत.

४. शेजारी कोण आहे?

आता या प्रकरणाचा गाभा. नव्या इमारतीच्या आवारात पुरलेला पाइप एकटा नसतो. तो पंपरूममध्ये जातो, तिथे पंपाला जोडला जातो, पंप अर्थिंगला, अर्थिंग इमारतीच्या पायातल्या सळयांना. म्हणजे पाइप, तांब्याच्या अर्थिंग प्लेट्स आणि रॅफ्टमधलं शेकडो टन लोखंड, हे सगळं विजेच्या दृष्टीने एकच धातू झालं.

काँक्रीटमधली सळईसुद्धा लोखंडच आहे, मग भांडण कसलं? काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं. त्यात सळईवर एक पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि ती उणे ०.२ च्या आसपास जाऊन बसते, जवळजवळ तांब्याइतकी शांत. मातीतला नवा पाइप उणे ०.६. या दोघांमधला फरक जुन्या-नव्या पाइपच्या फरकाहूनही मोठा असू शकतो. त्यातून सळयांचं एकूण पृष्ठफळ हजारो चौरस मीटर, आणि पाइपवरची वेष्टन फाटलेली जागा काही चौरस सेंटिमीटर. एका कमावत्यावर सगळी भावकी जेवायला बसावी, तसा तो प्रकार. त्या नखाएवढ्या भोकाला साऱ्या रॅफ्टची भूक भागवावी लागते. पाइप इमारतीत शिरतो त्याच्या अलीकडच्या काही मीटरांत गळत्या का होतात, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

अर्थिंगच्या खड्ड्याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे मीठ आणि लोणारी कोळसा घालून खड्डा भरण्याची जुनी पद्धत आहे. मातीचा रोध कमी व्हावा हा तिचा हेतू, आणि अर्थिंगच्या दृष्टीने तो बरोबरही आहे. पण शेजारून जाणाऱ्या लोखंडी पाइपला याहून वाईट शेजार मिळणार नाही: खारट ओल, कार्बन आणि तांबं, तिन्ही एकत्र. नकाशावर अर्थिंगचे खड्डे इलेक्ट्रिकलवाला काढतो, फायर लाइन फायरवाला काढतो, आणि दोघांचे कागद एकमेकांवर ठेवून कोणी पाहत नाही. ठेवून पाहा. खड्डे पाइपपासून लांब सरकवायला नकाशावर फक्त पेन्सिल लागते.

उपाय दोन आहेत. पहिला, पाइप भिंतीतून जाताना सळईला टेकू द्यायचा नाही. त्याला प्लॅस्टिकची स्लीव्ह हवी. दुसरा, पाइप जमिनीतून वर आल्यावर लगेच इन्सुलेटिंग जॉइंट. दोन फ्लँजमध्ये वीज न वाहणारी गॅस्केट आणि प्रत्येक बोल्टला तशीच नळी आणि वॉशर. हा जॉइंट दिसेल अशा जागी ठेवावा आणि त्यावर पाटी लावावी. नाहीतर वर्षभराने कुणी दक्ष इलेक्ट्रिशियन येतो, फ्लँजवरून तांब्याची पट्टी मारून दोन्ही बाजू जोडतो आणि सगळं मुसळ केरात जातं.

मात्र गंज थांबवायला अर्थिंग तोडायची नाही, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवण्यासारखं आहे. माणसाचा जीव पाइपपेक्षा मोलाचा. जिथे अर्थिंगही हवी आणि गंजाचा प्रवाहही अडवायचा आहे, तिथे डीसी डिकपलर नावाचं उपकरण बसवतात. ते मंद एकदिश प्रवाह अडवतं आणि बिघाडाचा किंवा विजेचा लोळ मात्र जाऊ देतं. अर्थिंगसाठी तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्ट्या वापरणं हा आणखी सोपा मार्ग. भारतीय मानक ३०४३ त्यांना परवानगी देतं. हा निर्णय विद्युत अभियंत्यासोबत, काम सुरू होण्याआधी घ्यायचा.

५. वेष्टन

आपल्याकडे साइटवर यालाच रॅपिंग-कोटिंग म्हणतात. पाइप तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करायचा, प्रायमर लावायचा, त्यावर कोलटारची टेप गॅसच्या शेगडीने तापवत एकावर एक चढवत गुंडाळायची. मोठ्या वायुवाहिन्यांचे पाइप कारखान्यातूनच तीन थरांचं पॉलिथिलीन लावून येतात. भारतीय मानक १०२२१ आणि १५३३७ यात या टेपकामाचे तपशील आहेत.

कारखान्यातलं काम सहसा चांगलं असतं. फसगत होते ती वेल्डिंगच्या सांध्यांवर. तिथे पाइप मुद्दाम उघडा ठेवलेला असतो आणि तो नंतर चरातच, धुळीत, कधी रिमझिम पावसात, गुडघ्यावर बसून गुंडाळला जातो. जीआय पाइपची गोष्ट तशीच: प्लंबर आटे पाडतो तेव्हा तिथलं जस्त कापलं जातं, आणि सगळ्यात पातळ जागी लोखंड उघडं पडतं. आट्यांवरची ती जागा टेपने झाकायला दोन मिनिटं लागतात.

काळ्या मातीचा वेगळा ताप असतो. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि या ओढाताणीत सैल टेप पाइपवरून सरकवते. अशा जमिनीत चर मोठा खणून पाइपच्या खाली-वर वाळूची गादी करणं हा खर्च वाया जात नाही.

पाइप साखळीने किंवा वायररोपने उचलू नये. रुंद पट्टे वापरावेत. आणि चरात सोडण्याआधी हॉलिडे टेस्ट करायची. वेष्टनात राहिलेल्या भोकाला या धंद्यात हॉलिडे म्हणतात. हजारो व्होल्टचा ब्रश पाइपवरून फिरवला की जिथे भोक असेल तिथे ठिणगी उडते आणि यंत्र ओरडतं. भोक सापडलं की तिथल्या तिथे ठिगळ. दुसऱ्या भागातला हिशोब लक्षात असेल, तर हे यंत्र भाड्याने आणायला कोणी कुरकुर करणार नाही.

६. बळी जाणारा धातू

कितीही काळजी घेतली तरी वेष्टनात काही भोकं राहणारच. मग युक्ती अशी, की पाइपला मुद्दाम त्याहून उतावीळ धातू जोडायचा. मॅग्नेशियम किंवा जस्त. आता सेलमध्ये ॲनोड तो झाला आणि पाइप सगळीकडून कॅथोड. ही युक्ती हम्फ्री डेव्हीची. १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांचा तांब्याचा पत्रा समुद्रात झिजत होता. डेव्हीने त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले आणि झीज थांबली. पण विरघळणारं तांबंच शेवाळ-शिंपल्यांना मारत होतं, हे नंतर ध्यानात आलं. तांबं वाचलं, शिंपले वाढले, जहाजं मंदावली आणि आरमाराने नाद सोडला. जमिनीखालच्या पाइपला सुदैवाने शिंपल्यांची भीती नाही. १९२८ मध्ये रॉबर्ट कून यांनी न्यू ऑर्लिन्समध्ये वायुवाहिनीवर बाहेरून वीज देऊन हेच साधलं. पाइप उणे ०.८५ व्होल्टपर्यंत आणला की गंज थांबतो, हा त्यांचा निकष आजही जगभर वापरला जातो. जिवाणू असलेल्या मातीत तो उणे ०.९५ धरतात.

एक उदाहरण करून पाहू. समजा पुण्याच्या पूर्वेला काळ्या मातीत एक वसाहत उभी राहते आहे. फायर लाइन २०० मीटर, पाइपचा बाहेरचा व्यास १६८ मिलिमीटर. पृष्ठफळ झालं सुमारे १०६ चौरस मीटर. ओल्या मातीतल्या उघड्या पोलादाला प्रत्येक चौरस मीटरमागे साधारण २० मिलीअँपिअर संरक्षक प्रवाह लागतो असं धरू. मॅग्नेशियम अर्धंअधिक स्वतःच्याच झिजेत वाया जातं, म्हणून एक अँपिअर वर्षभर पुरवायला सुमारे ८ किलो लागतं.

पाइप उघडा पुरला तर प्रवाह लागेल २.१ अँपिअर. वीस वर्षांसाठी मॅग्नेशियम होतं ३३६ किलो. शेवटचा तुकडा वापरता येत नाही म्हणून थोडं वाढवून ४०० च्या जवळ. पाइप नीट गुंडाळला आणि जुना झाल्यावरसुद्धा फक्त दोन टक्के भाग उघडा पडेल असं मानलं, तर प्रवाह ४२ मिलीअँपिअर आणि मॅग्नेशियम ८ किलो. पाच-पाच किलोचे दोन ॲनोड पुरेत. वेष्टन आणि ॲनोड यांत निवड करायची नसते, हे या दोन आकड्यांतून दिसतं. वेष्टन ९८ टक्के काम करतं आणि ॲनोड उरलेल्या जीवघेण्या दोन टक्क्यांवर लक्ष ठेवतो.

हे ॲनोड कापडी पिशवीत भरून येतात. पिशवीत जिप्सम, बेंटोनाइट आणि थोडं सोडियम सल्फेट असतं; त्यामुळे धातू सारखा झिजतो. पुरण्याआधी पिशवी पाण्याने भिजवायची आणि प्लॅस्टिकचं बाहेरचं वेष्टन काढायचं. प्लॅस्टिकसकट पुरलेला ॲनोड काहीच काम करत नाही.

कोरड्या मुरमात मॅग्नेशियमचा प्रवाह पुरेसा निघत नाही आणि खाजणात ते भराभरा संपतं, म्हणून फार ओल्या, खारट जागी जस्त बरं. लांबलचक वाहिनी किंवा मोठं टाकीघर असेल तर कून यांच्यासारखी बाहेरून वीज द्यावी लागते. तिथे जोडणी करताना दोन वायरी उलट लागल्या तर पाइपच ॲनोड होतो आणि ते यंत्र दिवसरात्र त्याला खात बसतं. लहान वसाहतीने त्या वाटेला जाऊच नये.

आणि जिथे धातूच नको तिथे तो टाळावा. शहरात घराघरांत जाणाऱ्या गॅसच्या जमिनीखालच्या नळ्या पिवळ्या पॉलिथिलीनच्या झाल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच आहे.

७. बाहेरून आलेली वीज

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला पहिली विजेवरची लोकल धावली ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर, आणि तो प्रवाह २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलत गेला. एकदिश प्रवाहाच्या रेल्वेत वीज रुळांतून सबस्टेशनकडे परतते. तिच्यातली थोडी जमिनीत निसटते, वाटेत सापडलेल्या पाइपवर चढते आणि सबस्टेशनजवळ उतरते. उतरते तिथे किती लोखंड जातं ते आपण पाहिलंच. आजच्या मुंबई लोकलला आणि पुण्याच्या महामेट्रोच्या मार्गांना २५ हजार व्होल्टचा उलटसुलट प्रवाह असल्याने हा धोका तिथे फार कमी. बंगळूरु आणि कोलकात्याच्या मेट्रो मात्र ७५० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात. शेजारी असा मार्ग असेल तर आराखडा तज्ज्ञाकडूनच करून घ्यावा.

साइटवरचा वेल्डरही हीच चूक करतो. अर्थची केबल कामाजवळ न लावता लांबच्या कुठल्यातरी सळईला अडकवतो, आणि परतीचा प्रवाह वाटेतल्या पुरलेल्या पाइपमधून जातो.

८. कधी काय करायचं

मातीची तपासणी पायाच्या बोअरसोबत. अर्थिंग, पाणी, फायर आणि गॅसचे नकाशे एकत्र ठेवणं, पहिला चर खणण्याआधी. पाइप पावसाळी नाल्याच्या पोटातून न्यायचा मोह याच वेळी टाळायचा. चीनच्या छिंगदाओ शहरात नोव्हेंबर २०१३ मध्ये तेलवाहिनी नाल्याला छेदते तिथेच खारट ओलीने सडली, तेल नाल्यात उतरलं, स्फोट झाला आणि ६२ माणसं गेली.

चर उघडा असताना दोन कामं आटपायची. पाइपला दोन वायरी वेल्ड करून जमिनीवर टेस्ट बॉक्सपर्यंत आणणं. आणि रबर गॅस्केटचे सांधे असतील तिथे केबलने पाइप सलग जोडून घेणं, नाहीतर ॲनोडचा प्रवाह पहिल्याच सांध्याशी अडतो. चर उघडा असताना ही कामं काही तासांची. बुजल्यावर, वर पेव्हर ब्लॉक आणि बगिचा झाल्यावर, त्यांना हातच लावता येत नाही.

बुजवण्याआधी प्रत्येक सांध्याचा मोजपट्टीसह फोटो घ्यावा. बुजवल्यावर आणि माती एक पावसाळा बसल्यावर, टेस्ट बॉक्समधून पहिलं वाचन घेऊन लिहून ठेवावं. पुढे वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर. आकडा उणे ०.८५ च्या अलीकडे, म्हणजे शून्याकडे सरकू लागला, तर एक तर ॲनोड संपत आले किंवा इन्सुलेटिंग जॉइंटवर कोणी पट्टी मारली.

नव्या इमारतीचा ताबा घेणाऱ्या कमिटीने बिल्डरकडून तीन कागद मागावेत: पुरलेल्या सगळ्या धातूचा प्रत्यक्ष झाल्याप्रमाणे नकाशा, हॉलिडे टेस्टचा अहवाल आणि पहिल्या वाचनाची नोंद. ते मिळेपर्यंत फायर लाइन ताब्यात घेतल्याची सही करू नका.